कोंड्याच्या गोदामातला नारळ

मोहाडीत सुलोचनाबाईला कुणी फसवलं असं आजवर ऐकलेलं नाही. फसवलं असेलच तर ते फसवणाऱ्याला ठाऊक, आणि तो काही आपल्याला सांगायला येणार नाही. दूधवाला माप ओतायला लागला की ही बाई दुधाकडे बघत नाही, त्याच्या डोळ्यांकडे बघते. लग्नाच्या पंगतीत कुणी आग्रहाने दुसरा लाडू वाढला, तर पहिल्यात काही खोट होती काय, असं विचारून मोकळी होते. तिचा नवरा तुलाराम, धान पिकवणारा साधा माणूस, म्हणतो की आपल्या घरी कुत्रा पाळायची कधी गरज पडली नाही. हे तो घराबाहेर म्हणतो, घरात नाही.

पण याच बाईला गल्लीत मान होता, आणि तो एका वेगळ्याच कामासाठी. आसपास कुठे एखाद्या बाईच्या अंगात आलं, ती घुमायला लागली, की माणसं धावत सुलोचनाबाईकडे येत. ती जाई, आधी भगताला बाहेर काढी, कडुनिंबाच्या डहाळ्या हिसकून घेई, बघ्यांना मागे सारी. मग घुमणाऱ्या बाईच्या ओटीत नारळ ठेवायचा, कपाळाला कुंकू लावायचं आणि हळूच विचारायचं, "कोन आहेस माय? काय पायजे तुले?" एवढंच. ती बाई घुमता घुमता काहीतरी मागायची. कुणाला चार दिवस माहेरी जायचं असे, कुणाला सासूपासून वेगळी चूल हवी असे, एकीने तर नवऱ्याने दारू सोडावी असं मागितलं होतं. जे मागितलं ते घरच्यांनी सगळ्यांदेखत कबूल करायचं आणि सुलोचनाबाईने तिथेच नारळ फोडायचा. नारळ फुटला की विषय संपला. पुढे घरच्यांनी कुरकुर केलीच, तर ही त्यांच्या दारात जाऊन उभी राही आणि म्हणे, कबूल केलं म्हणजे केलं. खरंच देवी होती की नव्हती, यावर ती कधी बोलली नाही. संशय तिला सगळ्यांचाच यायचा, मग देवीचाही येतच असणार. पण तोंडाला कुलूप.

हे काम तिने आपल्याकडे का घेतलं, ते जुन्या माणसांना माहीत आहे. लग्न होऊन नुकतीच आली होती. धानाच्या रोवणीचे दिवस, ती बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, चिखलात उभी, आणि एकाएकी तिने अशी किंकाळी फोडली की शेजारच्या बांधीतल्या बाया हातातली रोपं टाकून पळाल्या. सासऱ्याने भगत आणला. भगताने कडुनिंबाने झोडपली, मिरच्यांचा धूर दिला. सगळ्यांनी सगळं केलं, तिला विचारलं मात्र कुणीच नाही. त्यावर ती पुढे कधी बोलली नाही, आणि तुलारामलाही विचारायचं धाडस झालं नाही.

तर अशा बाईच्या घरात खुशबू वाढली. एकुलती एक, शिकलेली, बोलायला मऊ. हल्ली ती टॅलीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर हिशेब ठेवायच्या, क्लाससाठी एसटीने तुमसरला जायची. आणि इथेच पाणी मुरत होतं.

पोरगी क्लासला जाते आणि येताना ओढणीवर धानाच्या कोंड्याची पिवळट भुकटी घेऊन येते, हा कुठला क्लास? सुलोचनाबाईने ओढणी झटकली, भुकटी बोटांवर चोळली, हुंगली. गिरणीचा कोंडा. कॉम्प्युटरमधून कोंडा पडत नाही, एवढं तिलाही कळत होतं. विचारलं तर खुशबू म्हणाली, एसटीत पोत्याशेजारी जागा मिळाली. बरं. मग आवाज. सकाळी उठली की पोरीचा घसा बसलेला. दप्तर उघडून बघितलं तर त्यात ज्येष्ठमधाच्या काड्या, आणि तळाशी घडी घालून दडवलेला एक काळा टी-शर्ट. त्यावर पांढऱ्या रंगात काटेरी फांद्या एकमेकींत गुंतल्यासारखं काहीतरी लिहिलेलं. अक्षरं म्हणावीत तर वाचता येत नाहीत. सुलोचनाबाईने तो टी-शर्ट उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. भगत लोक भूर्जपत्रावर काढतात तसलं काही आहे, अशी तिची खात्रीच झाली. तिने तो होता तसाच घडी करून ठेवला, कारण चोराला कळू द्यायचं नसतं की आपल्याला कळलं आहे.

आणि मग न्हाणीघर. खुशबू आंघोळीला गेली, नळ सोडला, आणि नळाच्या आवाजाखाली दुसराच आवाज सुरू झाला. खालचा, घोगरा, पोटातून ओढून काढलेला. सुलोचनाबाई दाराला कान लावून उभी होती. पोरगी बाहेर आली तेव्हा म्हणाली, गुळण्या करत होती.

शेजारच्या जनाबाईला अशा गोष्टींचा वास बरोबर येतो. तिने ओट्यावर बसून निदान करून टाकलं, की तुमसरात पोरगा असेल, पोरी अशाच रडून रडून घसा बसवून घेतात. सुलोचनाबाईने वरवर हो म्हटलं. मनात म्हणाली, पोरगा असता तर देव पावला म्हणायचं. पोराला बघता येतं, त्याच्या बापाला जाऊन भेटता येतं. तिला भीती होती ती वेगळीच. आपल्या गळ्यात तेव्हा जे आलं होतं, ते आपल्या पोटातून या पोरीत उतरलं की काय? आणि नेमकं त्याच वेळी एकोडीचं स्थळ आलं होतं. मुलगा योगेंद्र, घरची शेती, बी-बियाण्याचं दुकान, माणसं खानदानी. रविवारी ते पोरगी बघायला येणार होते. त्यांच्यासमोर पाट मांडल्यावर पोरगी घुमायला लागली तर पुढचं सगळं संपलं. तिलाही मग भगतापुढे बसवतील, आणि आपल्यासारखंच तिलाही कुणी विचारणार नाही.

शनिवारी सुलोचनाबाईने तुलारामला सांगितलं की उद्याच्या पाहुण्यांसाठी तुमसरहून सामान आणते. खोटंही नव्हतं. खुशबूच्या एसटीमागची दुसरी एसटी तिने पकडली. बाजारात पोहे घेतले, शेव घेतली, ओटी भरायला एक नारळ घेतला. तो कानाशी धरून हलवून बघितला, दुकानदाराकडे रोखून बघितलं, मग दुसरा घेतला. आणि पिशवी काखेत मारून निघाली क्लासकडे. तिथल्या बाईने सांगितलं की खुशबू टॅली तर केव्हाच शिकून गेली, ती आता येत नाही.

सुलोचनाबाईला राग आला नाही. राग यायला आश्चर्य वाटावं लागतं, आणि तिला ते वाटलंच नाही. कोंड्याचा माग घेत ती राइस मिलच्या रस्त्याला लागली. एकेका मिलच्या फाटकाशी थांबून, पाणी मागण्याचं निमित्त करून, आत डोकावत गेली. शेवटच्या मिलच्या फाटकातून खुशबूची चप्पल तिने लांबूनच ओळखली. मागच्या बाजूला कोंड्याचं गोदाम होतं, त्याच्या पायरीवर चपला काढलेल्या. खुशबूच्या शेजारी पोरांचे दोन जोड.

म्हणजे जनाबाई बरोबर होती तर. सुलोचनाबाईने चक्क सुटकेचा निःश्वास टाकला. पोरगाच आहे, एक नाही दोन असले तरी पोरगेच आहेत. आता दार ढकलायचं, दोघांच्या कानाखाली वाजवायची आणि हिला हाताला धरून घरी न्यायचं. तिने दाराला हात लावला आणि आत आवाज फुटला.

आधी काहीतरी घरघरलं, मग एवढ्या जोराने आपटलं की पायरी हादरली, आणि त्या सगळ्यावर ती किंकाळी. तीच. रोवणीच्या दिवसातली. खालून उठून वर चढत जाणारी, मध्येच चिरणारी, श्वास संपला तरी न संपणारी. सुलोचनाबाईच्या पिशवीतली पोह्यांची पुडी पायरीवर सांडली. पळावं असं तिला वाटलं, आणि पळायचं नाही हेही त्याच क्षणी वाटलं. दुसऱ्यांच्या घरी धावत जाणारी बाई आपल्याच पोरीला सोडून कुठे जाणार?

तिने दार उघडलं. छतापर्यंत कोंड्याची पोती रचलेली. मधल्या जागेत एक पोरगा गिटार घेऊन, दुसरा ढोलांच्या ढिगामागे, आणि त्यांच्यापुढे खुशबू, तोच काळा टी-शर्ट घातलेली, डोळे मिटलेले, मान मागे, तोंड माइकला चिकटलेलं. सुलोचनाबाईला पोरं दिसली नाहीत, माइक दिसला नाही. तिला घुमणारी बाई दिसली. ती सरळ पुढे गेली. पोरांचे हात थांबले. तिने पदराच्या गाठीतल्या पुडीतलं कुंकू खुशबूच्या कपाळाला लावलं, पिशवीतला नारळ तिच्या हातात दिला आणि आयुष्यभर जसं विचारत आली तसंच विचारलं.

"कोन आहेस माय? काय पायजे तुले?"

गोदामात काहीच वाजेना. लांब मिलचा पट्टा फिरत होता तेवढा. खुशबूने डोळे उघडले. समोर आई, हातात नारळ. लहानपणापासून आईच्या पदराला धरून तिने हे कितीदा बघितलं होतं. नारळ कशाचा, प्रश्न कशाचा, आणि विचारल्यावर काय करावं लागतं, सगळं तिला पाठ होतं. ती त्याच बसलेल्या आवाजात म्हणाली, "मी खुशबू आहो. उद्या कोनासमोर बसाचं नाही मले. मले हे गाणं पुरं कराचं आहे. अन् ते तू आयकाचं आहे."

आता बघा हं, या बाईची कोंडी कशी झाली ती. देवी बोलली असेल तर कबूल करणं भाग. पोरगी बोलली असेल तर मुस्काटात द्यायला पाहिजे. सुलोचनाबाईने पोरीच्या डोळ्यांत संशयाने खोलवर बघितलं. शुद्ध होती. पूर्ण शुद्धीत होती. एकोडीची माणसं, तुलारामचं तोंड, जनाबाईचा ओटा, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. पण ज्या ज्या बायांसाठी तिने नारळ फोडले, त्यांच्या डोळ्यांतही ती असंच बघायची. आणि तिथेही तिला दरवेळी कुणाची तरी पोरगीच दिसली होती. दुसऱ्यांच्या घरी ते चाललं, आपल्या घरी चालणार नाही, असं म्हणायला तिची जीभ उचलेना. तिने नारळ परत घेतला, दाराशी पडलेल्या वजनकाट्याच्या लोखंडी पाटावर आपटला आणि म्हणाली, "कबूल."

मागून ढोलवाल्याने विचारलं की रेकॉर्डिंग चालूच ठेवायचं का.

परतीच्या एसटीत खुशबूने सगळं सांगितलं, आणि सुलोचनाबाईने त्यातल्या एकेका गोष्टीवर हरकत घेतली. या संगीताला मेटलकोर म्हणतात. त्यात गातातही आणि ओरडतातही. ओरडणं घशातून काढायचं नसतं, खालून, श्वासावर काढायचं असतं, आणि ते शिकावं लागतं. सुलोचनाबाई म्हणाली, ओरडायला कोणी शिकवणी लावते काय. गाण्यात मध्येच सगळं संथ आणि जड होतं, त्याला ब्रेकडाउन म्हणतात. ती म्हणाली, बिघडलं तर दुरुस्त करा, नाव काय देता. गिटारवाला अमर हा मिलमालकाचा पुतण्या, पोत्यांनी आवाज दबतो म्हणून गोदाम त्याने मागून घेतलेलं. ढोलवाला अनुप लग्नाच्या सीझनमध्ये धुमाल पार्टीत, म्हणजे वरातीपुढच्या ढोलताशांत, वाजवतो. यातला तुझा कोणता, असं सुलोचनाबाईने सरळच विचारलं. कोणताच नाही, असं उत्तर आलं, आणि ते तिने अर्धंच खरं मानलं. या तिघांच्या बँडचं नाव मळणी. आणि टी-शर्टवरची अक्षरं परदेशातल्या कुठल्याशा बँडचं नाव आहे, हे कळल्यावर तिने विचारलं, वाचता येऊ नये असंच लिवाचं होतं तर छापलं कायले?

घरी मात्र तिने हरकतींना जागा ठेवली नाही. तुलाराम संतापला, अंगणात येरझारा घातल्या, एकोडीच्या लोकांना काय तोंड दाखवू म्हणाला. ती म्हणाली की मी विचारलं होतं, नारळ फुटला आहे. दुसऱ्यांच्या घरचे बाप्ये या वाक्यापुढे कसे गप्प होतात ते तुलारामने कितीदा ओट्यावर बसून मजेत बघितलं होतं. आता त्याची पाळी आली. त्याने एकोडीला फोन लावला. तिकडून बरंच ऐकून घेतलं. ते स्थळ महिन्याच्या आत दुसरीकडे जमलं, आणि तुलारामच्या पोरीच्या अंगात येतं, ही बातमी जनाबाईने मोहाडीभर पोचवली. सुलोचनाबाईला ते लागलं. स्थळ चांगलं होतं. तिने दोन दिवस कुणाशी नीट बोलली नाही, खुशबूशी तर नाहीच.

गाणं इंटरनेटवर आलं तेव्हा खुशबूने आईला गोदामात बोलावलं. आयकाचं आहे, हेही त्या कबुलीतच होतं, म्हणून सुलोचनाबाई डबा घेऊन गेली. अमरने तिला पोत्यांवर बसवलं. तो खुशीत होता. नागपूरच्या एका माणसाने, जो फक्त असलीच गाणी ऐकतो आणि त्यावर लिहितो, त्याने लिहिलं होतं की भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातून असं पहिलंच गाणं येईल असं वाटलं नव्हतं, या बँडवर लक्ष ठेवा. सुलोचनाबाईने विचारलं की तो माणूस तुमच्या ओळखीचा आहे काय. नाही म्हटल्यावर तिचा संशय वाढला, कारण ओळख नसताना कुणी तारीफ करतं, हे तिने बघितलेलं नव्हतं. मग अमरने गाणं लावलं.

पहिल्यांदा मिलचा पट्टा ऐकू आला. मग शांतता. मग एका बाईचा आवाज, मऊ, थकलेला. "कोन आहेस माय? काय पायजे तुले?" आणि नारळ फुटला, आणि त्या फुटण्यावरच सगळी वाद्यं एकदम कोसळली.

सुलोचनाबाई उठून उभीच राहिली. आपला आवाज आपल्याला न विचारता घेतला, याचा तिला भयंकर राग आला. पण गाणं पुढे जात होतं. खुशबू त्यात ओरडत होती, मग गात होती, पुन्हा ओरडत होती. मग सगळं संथ झालं, जड झालं, पायाखालची जमीन खाली खाली बसत गेल्यासारखं झालं, आणि तिथे पोरीने तीच किंकाळी फोडली. यावेळी सुलोचनाबाईला भीती वाटली नाही. तिला रडू आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून तिने दोघा पोरांना चहा प्यायला पिटाळलं, म्हणाली, जा, माझ्यासाठीही आणा, अन् घाई करू नका.

पोरं गेल्यावर तिने डोळे पुसले आणि मनात रुतून बसलेला संशय काढला. त्या दिवशी मी दाराबाहेर उभी आहे हे तुला कळलं होतं ना, म्हणून तू तशी ओरडलीस ना, असं तिने पोरीला विचारलं. खुशबू कोपऱ्यात गेली, तिथल्या पिशवीतून एक नारळ काढून आणला. आईच्या पुढ्यात बसली आणि नारळ आईच्या ओटीत ठेवला.

"तुले कोनी विचारलं होतं काय, आई? बांधीत?"

सुलोचनाबाई ओटीतल्या नारळाची शेंडी उपटायला लागली.

"कोन आहेस माय?" खुशबू म्हणाली. "काय पायजे तुले?"

सुलोचनाबाईने आधी दाराकडे बघितलं. मग अमरच्या रेकॉर्डिंगच्या यंत्राकडे बघितलं. त्याचा लाल दिवा विझला आहे, हे जवळ जाऊन, वाकून, बोट लावून तपासलं. परत येऊन पोत्यावर बसली, नारळ दोन्ही हातांनी धरला. तिचा आवाज निघाला तो बायकोचा नव्हता आणि आईचाही नव्हता.

"मले मायले पाहाले जाचं आहे," ती म्हणाली. "माय लई बिमार आहे. निरोप आला आहे. हे म्हणतेत रोवणी झाल्यावर जा. रोवणी झाल्यावर माय राहणार नाही. मले आजच जाचं आहे."

खुशबूला आजी माहीत नव्हती. आजी रोवणीच्या दिवसांतच वारली होती, एवढं तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं. तिने आईच्या हातातून नारळ घेतला, वजनकाट्याच्या पाटाशी गेली आणि फोडला. पाणी कोंड्यात सांडलं.

"कबूल," ती म्हणाली. "चाल."

सुलोचनाबाई भानावर आली. पदर सावरत म्हणाली, काहीतरी वेड्यासारखं बोलू नको, तिथं आता कोन आहे? घर पडलं, भाऊ नागपूरला गेला, मायची राख झाली तो तळ्याचा काठ तेवढा असेल.

"तर तळ्याच्या काठी जाऊ. कबूल केलं म्हणजे केलं."

हे वाक्य कुणाचं, हे सुलोचनाबाईला सांगायची गरज नव्हती. ती उठली. डबा पिशवीत टाकला, चपला घातल्या. पोरं चहा घेऊन फाटकातून येत होती, त्यांना तिने सांगितलं की चहा तुम्हीच प्या. आणि स्टँडवर तिच्या माहेरच्या दिशेची एसटी लागलेली होती, तीत मायलेकी चढल्या. बसल्यावर सुलोचनाबाईने कंडक्टरला विचारलं की ही गाडी नक्की तिकडेच जाते ना. तो हो म्हणाला. तिने शेजारच्या बाईलाही विचारून घेतलं, आणि मग खिडकीकडे तोंड करून बसली.